उरलेल्या ६५ गोळ्या

अमळनेर-पारोळा पट्ट्यातली एक बाई, वय ५२, सहा वर्षांपासून आमवात. ब्रँडच्या गोळ्या सोडून जेनेरिक सुरू केल्या आणि तीन-साडेतीन महिन्यांत हात आखडले. एवढं ऐकलं की समोरचा लगेच ‘जेनेरिकमध्ये दम नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. मीही झालो होतो. निकाल चुकला होता, आणि तो चुकल्याचं मला माझ्या हुशारीनं कळलं नाही. सुरतेहून आलेल्या एका फोननं कळलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, घरचे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

मी एमडी मेडिसिन आहे, सांधेरोगतज्ज्ञ नाही. आमच्याकडचे आमवाताचे बरेच पेशंट एकदा नाशिकला तज्ज्ञाला दाखवून येतात आणि पुढची वर्षानुवर्षांची देखभाल माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरकडे असते. या मावशींचंही तसंच. २०१८ मध्ये निदान झालं. रक्तातल्या आमवाताच्या दोन्ही तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह, दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांचे चवडे सुजलेले. त्याआधीची दोन वर्षं पुड्यांवर गेली होती. आपल्याकडे संधिवाताच्या पुड्या देणारे गावोगाव आहेत. पहिल्या पुडीतच पेशंट उठून चालायला लागतो, कारण त्यात बहुतेक वेळा स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. मावशींचा चेहरा तेव्हा गोल झाला होता आणि साखर वाढली होती. पुड्या सोडवायलाच चार महिने लागले. हे सांगतोय ते उगाच नाही. ‘दोन दिवसांत गुण म्हणजे औषध भारी’ हा हिशेब या घरात तेव्हापासून बसलेला होता, आणि पुढे तो माझ्याही अंगाशी आला.

नाशिकहून आल्यावर औषधं ठरली ती अशी: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, वाढवत वाढवत १५ मिलिग्रॅमपर्यंत; फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा पण वेगळ्या दिवशी; हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम रोज रात्री; शिवाय कॅल्शियम आणि ॲसिडिटीची कॅप्सूल.

मेथोट्रेक्सेट हे आमवातातलं मुख्य औषध. अमेरिकेत १९८८ मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि नंतर किती महागडी इंजेक्शनं आली तरी सुरुवात आजही बहुतेक यानंच होते. कॅन्सरमध्ये मोठ्या मात्रेत द्यायचं हे औषध इथं अगदी थोड्या मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. यातलं ‘एकदाच’ चुकलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, आठवड्याची गोळी दहा दिवस रोज घेऊन. तोंडभर फोड, अंगात ताप, पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली. फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं देऊन वाचले. तेव्हापासून मी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, गोळीचा वार पेशंटच्या आयुष्यातल्या एखाद्या पक्क्या वाराला बांधायचा. दोन, मोजायचं काम पेशंटवर टाकायचं नाही, २.५ च्या सहा गोळ्या लिहिण्यापेक्षा १५ ची एकच लिहायची.

मावशींच्या गावचा बाजार बुधवारी. त्यामुळे बुधवार म्हणजे बाजार आणि बाजार म्हणजे गोळी. सहा वर्षांत त्यांचा एकही बुधवार चुकला नसेल. फॉलिकच्या पाकिटाला सुनेनं रबर गुंडाळून ठेवलं होतं, ते शुक्रवारचं. ‘हप्त्याला एक’ हे वाक्य मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्या घरात ते श्लोकासारखं पाठ झालं होतं. त्याचा मला अभिमान होता. आता त्याच वाक्याबद्दल लिहायचं आहे.

आखाजीला काय झालं

२०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्यात होती. मुलगा सुरतेला साडीच्या कारखान्यात. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं तिकडेच, कारण अमळनेरहून सुरतेची गाडी सरळ आहे. आखाजीला तो घरी आला आणि आईच्या औषधांचं बिल पाहिलं: महिन्याला साडेआठशेच्या आसपास. कापूस विकून आलेला पैसा तोवर बी-बियाण्यात निघून गेलेला असतो. सुरतेत सोबतच्या कामगारांकडून त्यानं जेनेरिक दुकानांबद्दल ऐकलं होतं. माझी चिठ्ठी घेऊन तो तालुक्याच्या गावातल्या एका जेनेरिक दुकानात गेला आणि तीन महिन्यांची औषधं एकदम घेऊन आला. खर्च निम्म्याहून खाली आला.

ते बिल मी नंतर बारकाईनं पाहिलं. बचतीतला मोठा वाटा कॅल्शियम, ॲसिडिटीची कॅप्सूल आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा होता. मेथोट्रेक्सेट मुळातच स्वस्त. त्यात महिन्याकाठी जे वाचलं, त्यात घरातल्या सगळ्यांचा एकवेळचा चहा झाला असता. म्हणजे या घराला बदल हवाच होता, पण ज्या गोळीत तो नाजूक होता तिथे फायदा किरकोळ होता. हे त्या पोराला सांगणारं कुणी नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण त्यानं मला विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर मी काय बोललो असतो याचीही मला खात्री नाही. बहुधा ‘ब्रँडचंच घे रे बाबा’ म्हणून विषय संपवला असता.

दुकानात त्या दिवशी १५ मिलिग्रॅमची गोळी नव्हती, २.५ ची होती. दुकानदारानं हिशेब बरोबर केला: दर बुधवारी सहा, १३ आठवड्यांच्या ७८, म्हणून दहाची आठ पाकिटं, ८० गोळ्या. कागदी पिशवीवर पेनानं ‘६ – बुध’ लिहिलं आणि मुलाला तोंडीही सांगितलं. कायद्यानं पाहिलं तर चिठ्ठीवर एका नावाचं औषध लिहिलेलं असताना शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या यादीतलं, दुसरं औषध दुकानदारानं परस्पर द्यायचं नसतं; औषध नियमावलीत तसा स्पष्ट नियम आहे. पण तो नियम खानदेशात किती पाळला जातो, हे मेडिकलवर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. शिवाय या माणसानं मोजून, लिहून, सांगून दिलं होतं. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

मुलानं घरी आल्यावर बायकोला सांगितलं, ‘औषधं तीच आहेत, फक्त कंपनी वेगळी.’ सहाचं राहून गेलं. रात्रीच्या गाडीनं तो परत गेला. सुनेनं पाकिटं काढून नेहमीच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. कागदी पिशवी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला गेली.

पुढचा बुधवार आला. बाजार आला. मावशींनी एक गोळी घेतली.

हात

जून बरा गेला. जुलैच्या मध्यापर्यंतही विशेष काही नव्हतं, निंदणीला जात होत्या. श्रावण लागला तसा सकाळचा आखडलेपणा वाढायला लागला. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या सणासाठी, दळण-कांडण, पुरण, सगळं त्याच पुढे होऊन करायच्या. या वेळी पुरणाच्या पोळीला हात लावला आणि लाटणं धरता येईना. सुनेनं सांगितलं ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही: सासूबाई कळण्याची भाकरी थापायला बसल्या, बोटं पसरेनात, म्हणून मनगटाच्या टाचेनं पीठ दाबत राहिल्या. भाकरी एका बाजूनं जाड झाली. परातीतलं पीठ तसंच ठेवून त्या उठल्या आणि कुणाशी बोलल्या नाहीत.

रोट संपल्यावर, २२ ऑगस्टला, गुरुवारी, त्या माझ्याकडे आल्या. बसता बसताच म्हणाल्या, ‘भाऊ, गोई बदलनी आन् हात आखडनात.’

तपासलं. २८ सांध्यांच्या मोजणीत आठ सुजलेले, बारा दाबल्यावर दुखणारे. ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्ताच्या तपासणीतला आकडा, ६२; एप्रिलमध्ये तो २२ होता. सकाळी हात मोकळे व्हायला दोन तास. चिकुनगुन्या डोक्यात आला, पावसाळ्यात आमच्याकडे तो नेहमी डोक्यात ठेवावा लागतो, पण ताप नव्हता, पुरळ नव्हतं आणि दुखणं हळूहळू चढत आलेलं होतं. नवीन पुड्या सुरू केल्या का, हेही विचारलं. नाही म्हणाल्या. सुनेनं पर्समधून एक पाकीट काढून दाखवलं. ‘जेनेरिक आहे ना ते, स्वस्तातलं,’ ती म्हणाली. म्हणताना माझ्याकडे नाही, खाली पाहत होती, जणू तिनंच काही चोरलं होतं.

पाकीट मी हातात घेतलं. ठळक अक्षरांत मेथोट्रेक्सेट. २०१८ च्या सप्टेंबरपासून नियम आहे, औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठं छापायचं. नियम चांगला आहे. मला नाव दिसलं, माझं समाधान झालं, पाकीट परत दिलं. त्या नावाशेजारी २.५ लिहिलेलं होतं. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचला नाही. सहा वर्षं ज्या पेशंटला मी एकच गोळी देत आलो, तिच्या हातात १५ चीच गोळी असणार, हे माझ्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी काय केलं? जुना ब्रँड परत लिहिला, १५ ची एक, चार गोळ्या, एका महिन्याच्या. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, १० मिलिग्रॅम दोन आठवडे, पुढे कमी करत न्यायचं. आणि सुनेला दोन शब्द सुनावले: आजार साधा नाही, यात पैसे वाचवायला जाऊ नका.

५ सप्टेंबरला परत आल्या तेव्हा हात बराच उघडत होता. सूज निम्म्यावर. घरात, आणि मला शंका आहे की गल्लीतही, निकाल लागला: जेनेरिकमध्ये दम नाही. मी मान डोलावली. खरं तर त्या दिवशीच मला थांबायला हवं होतं. मेथोट्रेक्सेट दोन आठवड्यांत काहीही दाखवत नाही. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सूज उतरवली ती स्टेरॉईडनं. पुडीवाल्याचा जो हिशेब मी सहा वर्षं या बाईच्या डोक्यातून काढत होतो, तोच मी स्वतः केला होता.

फोन

त्याच संध्याकाळी मुलाचा सुरतेहून फोन आला. आईला बरं वाटतंय ऐकून त्याला हायसं वाटलं होतं. मग म्हणाला, ‘साहेब, त्या जेनेरिकच्या साडेसहा पाकिटं गोळ्या उरल्यात. दुकानदार परत घेईल म्हणतो. देऊन टाकू का?’

‘देऊन टाका,’ म्हणालो आणि फोन ठेवला. पुढचा पेशंट दम्याचा होता. स्टेथोस्कोप कानात, तो श्वास ओढतोय, आणि माझ्या डोक्यात साडेसहा हा आकडा अडकून बसला. तीन महिन्यांची औषधं आखाजीला घेतली होती. साडेतीन महिने झाले. उरतील कशा?

लगेच फोन लावला. परत देऊ नका, डबा तसाच पाठवा. दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी डबा घेऊन आल्या. टेबलावर ओतून मोजलं: सहा पाकिटं न फोडलेली, एक अर्धं, एक पूर्ण रिकामं, खेड्यात रिकामी पाकिटंही कुणी फेकत नाही. रिकामे खड्डे १५. पंधरा मे ते एकवीस ऑगस्ट या काळात बुधवार किती, ते कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. पंधरा.

‘मावशी, दर बुधवारी किती गोळ्या घेत होत्या?’

‘एकच,’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, जरा रागानंच, ‘तुम्हीच सांगेल व्हतं ना, हप्ताले एक.’

साडेतीन महिने त्या १५ ऐवजी २.५ मिलिग्रॅमवर होत्या. सहावा हिस्सा. औषध जवळजवळ बंदच होतं. त्यांनी माझी सूचना अक्षरशः पाळली होती. मी सूचना गोळीत दिली होती, आणि गोळी हे माप नाही.

जूनमध्ये का त्रास झाला नाही, याचंही उत्तर मिळालं. मेथोट्रेक्सेट पेशींमध्ये साठून राहतं आणि मात्रा कमी केली तरी ते ओसरायला काही आठवडे जातात. म्हणून बदल आणि त्रास यांच्यात दोन-अडीच महिन्यांची फट पडली. तशी फट पडली की माणूस कारण शोधताना गोंधळतो आणि सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच बदलावर, कंपनीवर, बोट ठेवतो.

आणखी एक शंका मी त्याच टेबलावर तपासून घेतली. मेथोट्रेक्सेटची छोटी गोळी पिवळी आणि फॉलिक ॲसिडचीही पिवळी, बऱ्याच कंपन्यांच्या अशाच. अदलाबदल झाली असती तर बुधवारी फॉलिक आणि शुक्रवारी मेथोट्रेक्सेट असला काही घोळ निघाला असता. पण रबर लावलेलं पाकीट शाबूत होतं आणि मोजणी जुळत होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तेवढंच २०० चं होतं, त्यामुळे ते बरोबर चाललं होतं. त्याच दुकानातलं तेही जेनेरिकच, हे विशेष.

जेनेरिकचं काय

ब्रँड विरुद्ध जेनेरिक असा सामना आपण लावतो तेव्हा आपल्या देशात तो बहुतेक वेळा जेनेरिक विरुद्ध जेनेरिक असतो. मेथोट्रेक्सेटचं पेटंट कधीचं संपलं आहे. मी ज्याला सहा वर्षं ‘ब्रँड’ म्हणत होतो, ती मूळ शोधकर्त्या कंपनीची गोळी नव्हतीच. ती दुसऱ्या कंपनीनं स्वतःचं नाव लावून विकलेली जेनेरिक गोळी होती. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधांवर फक्त बनवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट ठेवलं, खुद्द औषधाचं नाही, आणि त्यावर आपला औषध उद्योग उभा राहिला. वस्तूचं पेटंट २००५ मध्ये परत आलं. त्यामुळे आपल्या मेडिकलमधल्या फळीवर नावं शेकडो असतात, पण त्यातली मूळ कंपनीची फार थोडी.

मग दोन जेनेरिकमध्ये फरक पडूच शकत नाही का? पडू शकतो. नव्या जेनेरिकनं रक्तात उतरण्याच्या चाचणीत मूळ औषधाशी जुळायचं असतं. सरासरीचा विश्वासपट्टा, म्हणजे खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा, मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसायला हवा. काही जण यातून ‘जेनेरिकमध्ये ४५ टक्के फरक चालतो’ असा अर्थ काढतात. मीही काढायचो. तसा तो नाही. पूर्ण पट्टा त्या हद्दीत बसायचा तर सरासरी बहुतेक वेळा १०० च्या आसपासच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रक्तात शोषल्या गेलेल्या एकूण औषधात मूळ आणि जेनेरिकमधला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. इकडे मावशींचं औषध ८३ टक्क्यांनी घटलं होतं, आणि मी ते साडेतीनच्या खात्यात टाकायला निघालो होतो.

ते आकडे अमेरिकेचे, हे खरं. आपल्याकडे ही चाचणी पूर्वी सगळ्यांना लागू नव्हती. २०१७ च्या एप्रिलमध्ये पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या, म्हणजे वर्ग २ आणि ४ च्या, सगळ्या उत्पादकांना ती सक्तीची झाली. शिवाय निकृष्ट माल बाजारात येतो, हे कोण नाकारेल? केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करते. ती यादी मी आता वाचतो. त्यात नामांकित नावंही असतात, म्हणून ‘महाग ते चांगलं’ हा आधारही टिकत नाही. जनऔषधी योजनेत, २००८ पासूनची ती योजना, प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात येते, असं सरकार सांगतं. माझ्या आसपासच्या कित्येक छोट्या ब्रँडबद्दल मला एवढंही कुणी सांगत नाही.

काही औषधांत मी अजूनही कंपनी बदलू देत नाही. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, किडनीसाठी टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल तर तिथं गुण आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार कमी असतं. एका कंपनीचं सुरू केलं की तेच चालू ठेवायचं, बदललंच तर रक्तातली पातळी पाहायची. आणि इंजेक्शनांची गोष्ट निराळीच. मुलानं मध्येच विचारलं होतं, ‘मोठ्या इंजेक्शनाचं पण जेनेरिक येतं म्हणे?’ ॲडालिमुमॅबसारखं औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतात, त्याची हुबेहूब नक्कल होत नाही. जवळात जवळ जाणारं जे बनतं त्याला बायोसिमिलर म्हणतात. झायडस या औषध कंपनीनं तसं पहिलं २०१४ च्या डिसेंबरात भारतात आणलं आणि किंमत बरीच खाली आली. मावशींना त्याची गरज नव्हती. पण गंमत बघा, गोळी मोजण्यातली चूक सापडली नसती तर दोन-तीन महिन्यांत मी हाच विषय काढला असता: मेथोट्रेक्सेट कमी पडतंय, पुढचं काहीतरी सुरू करू या. सहा गोळ्यांच्या जागी एक घेतल्याबद्दल या घरानं हजारो रुपयांचं इंजेक्शन भरलं असतं.

परत तीच पाकिटं

आता दोन रस्ते होते. ब्रँड चालू ठेवायचा आणि गप्प बसायचं. पेशंट बरी झाली असती, कुणी मला विचारलं नसतं. किंवा तीच जेनेरिक पाकिटं पूर्ण मात्रेत देऊन पाहायची. मी मावशींना सगळं सांगितलं, माझी चूकही. त्या थोडा वेळ पाकिटांकडे बघत राहिल्या. सून घाबरली होती. मावशींनी एकच विचारलं: ‘फेकनी का मंग इतली औषध?’ त्यांचा निर्णय झाला होता.

मुदत पाहिली, २०२६ पर्यंतची होती. रक्तपेशी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या (सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन) करून घेतल्या; ठीक होत्या. ब्रँडच्या उरलेल्या दोन गोळ्या आधी संपवायच्या आणि २५ सप्टेंबरच्या बुधवारपासून २.५ च्या सहा, एकाच वेळी. स्टेरॉईड कमी करत ऑक्टोबरच्या मध्याला बंद. डब्यात ६५ गोळ्या सुट्या पडून राहणं मला धोक्याचं वाटत होतं, उद्या कुणी ‘रोज सहा’ समजलं तर? म्हणून मोजणीचं काम मी सुनेकडे दिलं. तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या दहा पाकिटांत सहा-सहा गोळ्यांचे तुकडे कापून घातले आणि प्रत्येकावर त्या बुधवारची तारीख टाकली. ही कल्पना तिची, माझी नाही. आता मी ती इतरांनाही सांगतो.

मधल्या काळात एकदा तपासण्या केल्या, काही बिघडलं नव्हतं. दिवाळीला हात बरे होते. तोवर स्टेरॉईड बंद होऊन दोन आठवडे झाले होते.

माझ्या चिठ्ठ्याही या काळात बदलल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं डॉक्टरांनी जेनेरिक नावंच लिहावीत असा नियम काढला आणि तीनच आठवड्यांत तो स्थगित केला; तेव्हा सुटकेचा श्वास सोडणाऱ्यांत मीही होतो. आता मी मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहितो. त्याखाली मराठीत, ‘दर बुधवारी एकूण १५ मिलिग्रॅम. १५ ची असेल तर १ गोळी, ७.५ ची असेल तर २, २.५ ची असेल तर ६. रोज नाही.’ कंपनीचं नाव हवं असेल तर कंसात. चिठ्ठी लांबते आणि ओपीडीत मागे रांग असते. कंपाउंडर कुरकुर करतो. आणि पेशंट आला की पाकीट मी नावासाठी नाही, आकड्यासाठी पाहतो, चष्मा लावून.

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. सुरुवातीचे चार बुधवार ब्रँडचे होते, तुलनेला दुसरं कुणी नव्हतं, आणि आमवात आपल्या मर्जीनंही कमी-जास्त होतो. पण ज्या पाकिटांवर ठपका होता, त्याच पाकिटांतल्या गोळ्यांवर दहा आठवडे गेले, शेवटचे सहा स्टेरॉईडशिवाय.

नोव्हेंबरच्या शेवटी, २८ तारखेला त्या आल्या. सुजलेला सांधा एक, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा. दुखणारे दोन. ईएसआर २४. सकाळचा आखडलेपणा चहा होईपर्यंत. बोटांच्या टोकांना बारीक ओरखडे होते, कापसाच्या सुकलेल्या बोंडांचे. वेचणीला जात होत्या आणि मी विचारेपर्यंत त्यांनी ते सांगितलंही नव्हतं. केस पेपर भरत असताना त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि एक कापलेला पाकिटाचा तुकडा माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

‘पाच शेतस,’ म्हणाल्या. ‘एक कमी पडस.’